मागच्या चाकांचा शाफ्ट

कात्रजच्या एका लेथच्या दुकानात मी पंपाच्या कामासाठी गेलो होतो, तेव्हा ती बाई दिसली. वय पन्नाशीचं असावं. सुटे भाग मागवून ती घराच्या अंगणात स्वतःची मोटार बांधत होती. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब शाफ्ट तिने जोडायला टाकला होता.

वेल्डिंग झाल्यावर तिने तो फरशीवर ठेवला आणि गुडघे टेकून नीट पाहिलं. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी बेचकी होती. एक सपाट टेकलं होतं, दुसरं किंचित तिरपं.

"दोन्ही एका रेषेत हवीत. कापा आणि परत जोडा."

"अहो मॅडम, एवढ्यानं काय होतंय?" कारागीर म्हणाला. "मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो."

"त्यांना स्टेपनी कुठे असते ते समजावलंत तरी पुष्कळ."

मी हसलो. ती हसली नाही.

"हा असाच बसवला तर गाडी थरथरेल. मग सगळे म्हणतील, बाईनं बांधली ना, म्हणून. तुमची चूक मी माझ्या नावावर घेणार नाही. कापा."

त्याने शाफ्ट कापायला घेतला. ती तिथेच उभी राहिली, पुढे केलेल्या स्टुलावर बसली नाही. दुसऱ्या खेपेला दोन्ही बेचकी फरशीला सपाट टेकली. मी हात लावायला पुढे झालो, तर "राहू द्या" म्हणत तिने शाफ्ट स्वतःच खांद्यावर घेतला.

"झाली की दाखवायला आणा," कारागीर हळूच म्हणाला.

"आणणार तर! तुम्हाला शेजारी बसवून घाट चढणार आहे."