लसणाचं तेल आणि आईचा एकच कान

आईचा डावा कान लहानपणापासून बंद. उजव्यात ऐकायचं मशीन लावते, त्यावर तिचं सगळं चालतं: कुकरच्या शिट्ट्या, मालिका, माझ्याशी भांडणं. आणि नेमका तोच उजवा कान यंदा चिघळला. कारणही तिचंच. मशीन काढलं की कानाला खाज सुटते, मग बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून तिच्या गोल टोकाने ही बया कान कोरत बसते. कितीदा ओरडले मी. ऐकेल तर शपथ.

शनिवारी संध्याकाळी कान इतका सुजला की मशीन आत जाईना. पाळीला हातसुद्धा लावू देईना. मुलुंडमधले आमचे कानाचे डॉक्टर थेट सोमवारी भेटणार होते. फोनवर त्यांनी बजावलं की कानात पाणी, तेल, काडी काही जाता कामा नये; पडदा शाबूत आहे का हे बघितल्याशिवाय एक थेंबही घालायचा नाही. दुखलं तर पॅरासिटॅमॉल आणि बाहेरून कोरडा शेक. ताप आला किंवा सूज कानामागे पसरली तर सोमवारची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

रविवारी माझ्या जिवाला चैन नव्हती. तव्यावर रुमाल गरम करायचा, आधी माझ्या मनगटावर लावून बघायचा, मग तिच्या कानाला. परत तिच्या कपाळाला हात, परत कानामागे डोकावणं. आई वैतागली. पण हाही कान गेला तर काय, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

दुपारी घाटकोपरहून मावशी आली. आईची मोठी बहीण, जीव लावणारी, आणि तेवढीच हट्टी. खोबरेल तेलात लसूण काळी होईपर्यंत कढवून तिने ते बाटलीत भरून आणलं होतं, गरम राहावं म्हणून नॅपकिनात गुंडाळून. डॉक्टरांनी काही घालू नका म्हटलंय म्हणत मी मध्ये उभी राहिले. मावशी म्हणाली, तुमच्या डॉक्टरांच्या आधीपासून लोकांना कान आहेत. आता आई तिचीच बाजू घेणार, हे मी धरूनच चालले होते. सर्दीला काढा, पोटाला ओवा, सगळ्यावर तिचा भरवसा. आईने बाटली घेतली, झोपताना घालते म्हणाली. मावशी खूश होऊन गेली. दार लागल्यावर आईने बाटली माझ्या हातात दिली.

"मोरीत ओत."

मी चाटच पडले.

सोमवारी डॉक्टरांनी कान साफ केला, पडदा शाबूत आहे म्हणाले आणि थेंब लिहून दिले. मला हुश्श झालं. मग त्यांनी डावा कान बघितला. पडद्याला जुनं भोक आहे, लहानपणी काय झालं होतं, असं मोठ्याने विचारलं. आईने ऐकू न आल्यासारखं केलं. ओळखते ना मी तिला.

आमच्या घरात तो कान गोवरात गेला असंच सगळे सांगायचे. रिक्षात मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने पुन्हा विचारलं तेव्हा आई बोलली. तो कान वाहत होता, ती रडत होती, घरात मोठं कोणी नव्हतं. मावशी तेव्हा फ्रॉकमधली पोर. तिने घाबरून तेल तापवलं आणि तसंच कडकडीत कानात घातलं.

"तिला माहीत नाही गं," आई म्हणाली. "कळायलाही नको."

मला रडू आलं आणि रागही आला. एवढी वर्षं ही बाई गप्प बसली, आणि मी मात्र दर दोन वाक्यांनी तिच्यावर खेकसते.

आठवड्याभराने सूज उतरली, मशीन पुन्हा कानात गेलं. तेव्हाच मावशीचा फोन आला. मी स्पीकरवर लावला. तेलाने बरं वाटलं ना, म्हणून तिने विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाली. मी डोळे वटारले, तिने मान फिरवली.

मावशीचा आवाज एकदम खुलला. नातीचा कान कालपासून वाहतोय, म्हणाली, पोर नुसती रडतेय, गॅसवर तेल ठेवलंच आहे.

आई खुर्चीत बसली. फोन माझ्या हातातून घेतला.

"गॅस बंद कर आधी," ती म्हणाली. "आणि बस जरा. तुला एक सांगायचंय."