पाठ केलेलं मत

उमरेडवाल्या मॅडमना राग आला की त्यांची मराठी गाव बदलायची. एरवी त्या बारावीच्या वर्गात अगदी पुस्तकातलं बोलत. 'परिणामी', 'तथापि' असे शब्द कसे रांगेत यायचे. पण एकदा का डोकं सणकलं, की 'मला' जाऊन 'मले' यायचं, 'का' जाऊन 'काहून' यायचं, आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ताठ बसायची. माझी मुलगी मुक्ता घरी येऊन सांगे, "बाबा, मॅडम आज पहिल्याच तासाला उमरेडला पोचल्या."

त्या उमरेडहून रोज एसटीनं नागपूरला यायच्या. मुक्ताच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या, पण तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं नेमणूक, नाही झाली तर नाही. उत्तरपत्रिका त्या येता-जाता बसमध्येच तपासायच्या. त्यामुळे त्यांचे तांबडे शेरे कधी सरळ नसत. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आमच्या पोरीच्या पेपरावर उमटलेला असे. बरोबरची खूणसुद्धा मध्येच गचका खाऊन खाली घसरलेली. एक शेरा मात्र त्या बहुतेक बस थांबल्यावर लिहीत असाव्यात, कारण तो नेहमी स्वच्छ वाचता यायचा: 'हे कोणाचं?'

त्याचं कारण असं. इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न असतो, 'तुमचे मत सकारण लिहा'. आता सतरा वर्षांच्या पोरांना मत कुठून येणार, या काळजीनं गाईड छापणाऱ्यांनी मतं तयार करून ठेवलेली आहेत. 'माझ्या मते' असं सुरू होतं आणि 'असे मला प्रामाणिकपणे वाटते' असं संपतं. पोरं ते स्वल्पविरामासकट पाठ करतात. अख्ख्या वर्गाला एकच गोष्ट प्रामाणिकपणे वाटते. मॅडमचं डोकं फिरायचं ते इथं. एकदा त्यांनी मुक्ताला भर वर्गात उभं केलं आणि विचारलं, "काहून वं, हे मत तुहं हाय, का गाईडवाल्याचं? त्याले वाटते तर वाटू दे. तुले काय वाटून राहिलं?"

मुक्ता त्या दिवशी धुमसतच घरी आली. मी तिची समजूत काढायला गेलो, पण या बाबतीत माझा अधिकार फारच थोडा. मी नागपुरातच सदर भागातल्या एका ऑफिसात कारकून आहे. साहेबांनी चहा गोड झालाय म्हटलं की मला तो गोड लागतो. नवे साहेब आले आणि त्यांनी तोच चहा अगोड म्हटला, तर मी साखर मागवतो. एवढ्या वर्षांत माझं कोणाशी भांडण झालेलं नाही, याचा मला आतापर्यंत अभिमान होता.

पालकसभेत सगळ्यांनी मिळून मलाच पुढे केलं. मी मॅडमना म्हटलं, पोरांना गाईड वापरू द्या, तेवढंच सोपं पडेल. त्यांनी अगदी पुस्तकी मराठीत विचारलं, "हे तुमचं मत आहे का?" मी म्हटलं, "माझं एकट्याचं नाही हो, सगळ्याच पालकांचं आहे." त्या हसल्या नाहीत. माझ्या कपाळावर काही लिहायला जागा आहे का, असं नुसतं पाहून घेतलं.

त्याच सभेत प्राचार्यांनी जाहीर केलं, की इतिहासाचा निकाल आणि विद्यार्थ्यांचं समाधान, दोन्ही बघूनच जूनच्या नेमणुका होतील. कोणाला उद्देशून ते सगळ्यांना कळलं. मॅडम शेवटच्या रांगेत पेपर तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशीही त्यांनी गाईड वर्गात येऊ दिलं नाही, आणि पोरांनी ते घरी पाठ करणं थांबवलं नाही.

बोर्डाच्या पेपराच्या दिवशी मी केंद्राबाहेर, मार्चच्या उन्हात, ताकाची बाटली घेऊन उभा होतो. तिथं मॅडमही होत्या. इतर विषयांचे सर पेपर सुटायच्या वेळेला कुठंच सापडत नाहीत; या मुद्दाम यायच्या. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पेपर काढणारा पोरांच्या हाती लागत नाही. कोणीतरी लागायला पाहिजे ना."

आणि पोरं बाहेर आली ती पेटलेलीच. गाईडात 'रेल्वे: एक वरदान' असं तयार मत होतं. सगळ्यांनी ते घोटलेलं. आणि पेपरात विचारलं होतं, इंग्रजांच्या रेल्वेचा फायदा कोणाला झाला? तुमचे मत सकारण लिहा. कोणी वरदान लिहून मोकळं झालेलं, कोणी पान कोरं सोडलेलं, एक मुलगी भिंतीला टेकून रडत होती. मुक्तानं माझ्या हातातली बाटली ढकलून दिली. हर्षल नावाचा मुलगा, लकडगंजातल्या लाकडाच्या व्यापाऱ्याचा, सरळ मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, हे मत तुम्ही आम्हाला दिलंच नव्हतं."

मग पोरं एकेक करून तुटून पडली. तुम्ही गाईड बंद केलं, तुमच्यामुळे मार्क गेले, आता चांगल्या कॉलेजात कोण घेणार. मुक्ता तर असं काही बोलली, की मला ते इथं लिहवत नाही. बोलता बोलता हर्षल म्हणाला, फायदा कोणाला हा काय प्रश्न झाला, आमच्या पणजोबांनी रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड पुरवलं, त्यावर आमचं घर उभं राहिलं. त्यावर मुक्ता त्याच्यावरच उलटली. घर तुमचं उभं राहिलं, पण जंगल कोणाचं गेलं? तिसरा म्हणाला, खाणीतनं कोळसा गाडीत बसून गेला आणि माणसं टपावर. मग जे जुंपलं, ते मॅडमना विसरून आपापसातच. रडणारी मुलगीसुद्धा डोळे पुसून मध्ये पडली, की बाळंतपणाला बायका माहेरी येऊ लागल्या त्या रेल्वेनंच, त्यांचा फायदा कोणी मोजणार आहे की नाही?

मॅडमनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग त्या एकदम उमरेडला पोचल्या.

"हे लिवलं काय गा पेपरात?"

हर्षल चाचरला. "नाही मॅडम. हे तर असंच होतं. घरचं."

मॅडम तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिल्या. वर्षभरात मी त्यांचे खूप राग ऐकले होते, पण हा बिनआवाजाचा होता. तो बघून पोरं पांगली.

कोणा पालकानं त्या आरडाओरड्याचा व्हिडिओ काढला होता. फक्त पहिला भाग. जंगल, कोळसा, माहेर त्यात नव्हतं. तो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. पुढे निकाल लागला. इतिहासाचा निकाल धड वरही गेला नाही, धड खालीही आला नाही. त्याच्यावर बोट ठेवता येईना, तेव्हा गुणपत्रिका वाटायच्या दिवशी प्राचार्यांनी आम्हा पालकांसमोर तो व्हिडिओ लावला आणि सांगितलं, की विद्यार्थ्यांमध्ये मॅडमविषयी तीव्र असंतोष आहे, सबब त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवता येत नाही. मॅडम तिथंच दाराशी उभ्या होत्या.

गुणपत्रिका घ्यायला आलेली पोरं मागे बसली होती. मुक्ता उठली.

"सर, मॅडमशी भांडण आमचं होतं. ते आम्ही तिथंच भांडलो. तुम्ही काहून मधात येता?"

माझ्या मुलीच्या तोंडी 'काहून' मी पहिल्यांदा ऐकलं. हर्षल म्हणाला, व्हिडिओ पूर्ण दाखवा. इतर पोरं म्हणाली, आमचा राग आम्हाला न विचारता वापरायचा नाही. प्राचार्यांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि पालकांकडे पाहिलं. पालकांचं काय मत आहे?

सवयीनं सगळे माझ्याकडे वळले. मी उभा राहिलो. कानशिलं तापली होती. हे नक्की काय होतंय ते मला कळेना, आधी रक्तदाबच वाटला. मग म्हणालो, "मला राग आलेला आहे." एवढं बोलून खाली बसलो. सभेत कोणीतरी हसलं. नेमणूक व्हायची नव्हती, ती झाली नाहीच.

त्याच संध्याकाळी मॅडमना पोचवायला मी, मुक्ता आणि हर्षल बसस्टँडवर गेलो. उमरेडची गाडी लागलेली होती. मी त्यांना विचारलं, तुम्हाला राग नाही आला? त्या म्हणाल्या, "आला ना. न यायला काय झालं? पण त्या सरांजवळ तो काढायचा, तर ते म्हणतील बाईंमध्ये असंतोष आहे." मग खिडकीशी बसून त्यांनी मला तांबड्या पेनाच्या नजरेनं पाहिलं. "तुमचं उत्तर ऐकलं मी मघाशी. मत तुमचं स्वतःचं होतं. पण कारण एकही दिलं नाही. अर्धे मार्क."

गाडी हलली. खाली हर्षल आणि मुक्ता पुन्हा रेल्वेवर आले होते, आणि एसटीचा फायदा कोणाला झाला इथपर्यंत गेले होते. मॅडम खिडकीतून मान काढून ते ऐकत होत्या, ऐकू येईनासं होईपर्यंत.

ऑफिसात चहा अजूनही साहेब सांगतील तसाच लागतो; सगळंच एकदम कुठं सुधारणार. पण त्या सभेचा राग काही उतरत नाही. म्हणून कारणं लिहून काढली, ती ही. उरलेले अर्धे मार्क द्यायचे की नाही, ते मॅडमनी बसमध्ये बसून ठरवावं. पेन हललं तरी चालेल.