नको म्हणता न आलेलं पाणी

"मॅडम, तुमच्या अंगात पाणी कमी नाही पडलं, जास्त झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. यवतमाळच्या दवाखान्यात आयसीयूच्या खाटेवर पडून मी हे ऐकलं आणि आधी मला हसूच आलं. आमच्या जिल्ह्यात जास्त पाण्याने माणूस आजारी पडतो, हे कोणाला सांगून पटेल?

आजाराचं नाव हायपोनॅट्रेमिया, म्हणजे रक्तातलं सोडियम फार खाली जाणं. सोडियम निदान एकशे पस्तीस हवं, माझं एकशे अठरा होतं. पोटात इतकं पाणी गेलं की रक्तातलं मीठ पातळ झालं. मी शाळेत विज्ञान शिकवते. द्रावण पातळ कसं करायचं ते दरवर्षी वर्गात दाखवते, पण स्वतःच द्रावण होईन असं काही वाटलं नव्हतं.

चाळिशी उलटल्यावर माझ्या डोक्यात मॅरेथॉनचं खूळ शिरलं. दर रविवारी लांब पल्ल्याचा सराव, गावाबाहेरच्या रस्त्याने, कपाशी-तुरीच्या शेतांमधून, अगदी सावकाश. हळू धावणाऱ्यांना हा आजार जास्त गाठतो म्हणे. त्यांचा घाम कमी जातो आणि त्यांना प्यायला वेळ भरपूर मिळतो.

पाजणारेही भरपूर होते. सुरुवातीला लोक माझ्याकडे नुसते बघायचे, मग घरोघरचे तांब्ये बाहेर यायला लागले. आमच्याकडे दारावरून जाणाऱ्याला पाणी विचारतात आणि त्याने ते घ्यायचं असतं. रस्त्याच्या टोकाला बौद्धांची वस्ती आहे. तिथल्या सुनंदाताई दर रविवारी तांब्या घेऊन अंगणात उभ्या असायच्या. एकदा पोट डब्ब झालं होतं म्हणून मी त्यांना "नको" म्हटलं. त्या तांब्या घेऊन आत गेल्या. त्यांच्या घरच्या पाण्याला हात न लावण्याची रीत माझ्याच आजोबांच्या पिढीने पाळलेली. माझ्या नकोचा त्यांनी काय अर्थ लावला असेल, या विचाराने परतीची वाट मला नकोशी झाली. त्यानंतर मी कुठल्याच दारात नाही म्हटलं नाही. त्यांच्याकडे तर अख्खा तांब्या रिकामा करायची.

त्या रविवारी सर्वात लांबचा पल्ला होता. येताना बोटं सुजली, बांगड्या रुतल्या, डोकं ठणकायला लागलं. घरी पोचल्यावर नवरा, प्रकाश, म्हणाला, "ऊन लागलं तुले, पी अजून." मी प्यायले. मग उलट्या झाल्या, मग मी त्याला "तुम्ही कोण?" असं विचारलं म्हणे. पुढचं मला आठवत नाही. फिट आली होती.

इलाज म्हणजे हायपरटॉनिक सलाईन, नेहमीपेक्षा खारट. तेही हळूहळू देतात, आणि दर थोड्या वेळाने रक्त तपासतात. घाई केली तर मेंदूला इजा होते. मी विचारलं, मेंदूच का? डॉक्टर म्हणाल्या, "पाणी पेशींत शिरलं की त्या फुगतात. हात फुगला तर जागा आहे, कवटीत कुठली जागा?" हे मला इतकं आवडलं की मी भीती विसरून प्रश्नावर प्रश्न विचारत सुटले. वर तोंडाला कोरड पडलेली आणि पाणी मोजून घोटभर. बाहेरच्या बाकावर प्रकाश रडला, हे मला नंतर जावेने सांगितलं.

घरी आल्यावर त्याने माझे बूट माळ्यावर टाकले. "झालं तेवढं पुरे. आता पळणं बंद." डॉक्टरांनी मात्र धावायला परवानगी दिली होती, तहान लागेल तेवढंच प्यायच्या अटीवर. म्हणजे माझी मॅरेथॉन एका नकोवर अडली होती, आणि तोच शब्द सुनंदाताईंच्या अंगणात माझ्या तोंडून निघत नव्हता.

तुमच्यापैकी कोणी लांब धावत असेल तर धावण्याआधी आणि नंतर वजन करा. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय. धावून आलेलं माणूस असंबद्ध बोलायला लागलं तर घरी पाणी पाजत बसू नका, दवाखान्यात न्या आणि सोडियम तपासा. मला वेळेत नेलं, म्हणून हे लिहितेय.

डॉक्टरांनी समजावल्यावर प्रकाशने बूट खाली काढले, पण मोटरसायकलवरून मागे येण्याच्या बोलीवर. पहिल्याच रविवारी रस्त्याच्या टोकाला सुनंदाताई तांब्या घेऊन उभ्या होत्याच. धापा टाकतच मी त्यांना सगळं सांगितलं, ते नकोही.

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "मले वाटलंच होतं, आमच्या घरचं म्हून नको म्हटलं," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, मले वाईट वाटू नये म्हणून तुमी मरून राह्यल्या होत्या काय?"

"पाणी नको, सुनंदाताई," मी म्हटलं. "भूक लागली. काही खायला आहे?"

मी बूट काढून आत गेले. त्यांनी ज्वारीची भाकर आणि तेल घातलेला ठेचा वाढला. मी दुसरा घास तोडत होते, तेवढ्यात त्या तांब्या घेऊन दारात गेल्या.

"भाऊ, तुमाले तं चालते नं पाणी?"

प्रकाश मोटरसायकलवरून उतरला, तांब्या घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.