मावशी बघती गेली

फोन आला तेव्हा मी मोरबीत, टाइल्सच्या भट्टीजवळ होतो. आवाजात काही ऐकू येईना म्हणून बाहेर आलो. किसन, मावशीचा मुलगा, एवढंच म्हणाला, "आय उठलीच नाय रे ऑपरेशनमधून..." डोक्यातल्या गाठीचं तिचं ते दुसरं ऑपरेशन. मी सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर पोचेतो माती होऊन गेली होती. अंगणात मामा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, येईल त्याला सांगत होता, "पहिल्याच वेळी पुरी गाठ काढली असती तर आज जिती असती. डोळं डोळं करत बसली अन् जीव घालवला." माणसं माना हलवत होती. आता मी कामावर परत आलोय, पण फोनवर गावाकडचं जो तो मला हेच ऐकवतो. म्हणून लिहायला बसलो. शाळा आठवीतच सुटली, लिहायची सवय नाही. पण हे सगळं मी जवळून पाहिलेलं आहे.

आई लवकर गेली, मला मावशीनंच वाढवलं. तिचं दुखणं सुरू झालं तेव्हा आम्हाला ते दुखणं वाटलंच नाही. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, बाजूला ठेवलेला हंडा लाथेनं उलटायची, कोणी हाक मारली तर सगळी मान वळवून बघायची. आम्ही हसायचो. "मावशी, कोंबडी झालीस का गं?" ती म्हणायची, "हस, हस. मना इरल्यातून दिसतं, तुला काय कळायचं!" लावणीच्या वेळी डोक्या-पाठीवर पानांचं इरलं घेतलं की पाऊस लागत नाही, पण आजूबाजूचंही दिसत नाही, फक्त समोरचा चिखल. मावशीचं इरलं घरात येऊनही निघत नव्हतं. मामानं भगताकडे नेलं, भगतानं कोंबडा घेतला. मग जव्हारला चष्मा मिळाला. चष्म्यातूनही इरलंच.

शेवटी मी आणि मामा तिला नाशिकला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, कसं दिसतं? मावशी म्हणाली, "इरल्यातून." बाईंना इरलं माहीत नव्हतं. मी घाबरतच मावशीची शाल ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतली, दोन्ही बाजूंनी पुढे धरली आणि म्हणालो, "असं." बाई हसल्या नाहीत. मावशीसमोर बसून त्यांनी आपली बोटं हळूहळू बाजूला नेली, आणि पुन्हा नेली. मग यंत्रापुढे बसवलं. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, बाजूला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. दिवा दिसेना म्हणून मावशी डोळे फिरवून त्याला शोधायची. तिथला माणूस वैतागला. मावशी त्याच्यावर उखडली, "बाजूला काय हाललं तर बघायचं नाय? रानात असं बसलास तर जनावर उचलून नेईल तुला!" तो हसला, पण परत पहिल्यापासून करायला लावलं.

डोक्याच्या फोटोत गाठ दिसली. बाईंनी कागदावर काढून दाखवलं... दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूकडे जाताना जिथं एकमेकींना छेदतात, तिथंच गाठ खालून दाबत होती. नाकातून जाऊन काढायची. पण वरचा थोडा भाग नसांना चिकटलेला असला तर ओढताना नजर जाऊ शकते. ठेवला तर पुढे वाढू शकतो. मामा लगेच म्हणाला, "मुळासकट काढा." बाई मावशीकडे बघत राहिल्या. मावशी म्हणाली, "दादा, गाठ माझी, डोळं माझं, तू कशाला मधी?" मग बाईंना, "मुळीला डोळा चिकटला असंल तर मुळी राहू द्या. आंधळी होऊन मी कोणाच्या हाताला धरून रानात जाऊ?" तिचा आवाज कापला नाही.

ऑपरेशननंतर, नाकात बोळे असतानाच, बाईंनी एका बाजूला बोटं धरली. "किती?" मावशी मान न हलवता, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दोन. अन् तिकडं आमचा दादा तोंड उघडं टाकून झोपलाय." बाईंनी तिचा हात दाबला. त्या बाईंचं नाव मी इथं लिहीत नाही, पण माझ्या देवात त्या आहेत.

पुढची कितीतरी वर्षं मावशीनं डोळे मनसोक्त वापरले. रानभाजीचं कोवळं पान लांबून ओळखायची, व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे वाळत घातलेला शर्ट फाटलाय हे तिला दिसायचं. बाईंनी बोलावलं की तपासणीला जायची. राहिलेला भाग वाढू लागला तेव्हा मी फोनवर म्हणालो, "मावशी, या वेळी तरी पुरी काढू दे." ती म्हणाली, "डोळं गेलं तर चालंल, असं म्हणतोस का?" "तसं नाही गं," मी म्हणालो. "मग गप. जेवलास का ते सांग." त्या दुसऱ्या ऑपरेशनात रक्त थांबेना, असं बाईंनी किसनला सांगितलं. त्या स्वतः बाहेर येऊन त्याच्याजवळ बसल्या होत्या.

दिवसकार्याला मामानं पुन्हा तेच सुरू केलं. मी आयुष्यात कधी मोठ्यांना उलटून बोललो नव्हतो. पण उभा राहिलो. "मामा, पुरी काढली असती तर जगलीच असती, हे तुला कोणी सांगितलं? ती बघती जगली आणि बघती गेली. तिनं मागून घेतलं होतं ते." मामा उठून आत गेला.

थोड्या वेळानं मीही आत गेलो. दाराजवळच्या भिंतीवर मावशीनं एक चिंधी टांगली होती, तिच्यात सुया टोचलेल्या. सगळ्या ओवलेल्या. किसन म्हणाला, नाशिकला निघायच्या आदल्या दिवशी ओवून ठेवल्या, पाड्यावरच्या म्हाताऱ्या दोरा ओवायला तिच्याकडेच यायच्या ना... मामा त्या चिंधीपुढे उभा होता. सदऱ्याचं तुटलेलं बटण मुठीत, सुई डोळ्यांशी नेऊन दोरा चाचपत होता.

"शिव, मामा," मी म्हणालो, "ओवलेलीच आहे."