सेग्रिगेट करा म्हणजे काय करा

चार जुने कामगार चहाला जमले की किस्से निघतातच. एक सांगून होईपर्यंत दुसऱ्याला तीन आठवलेले असतात. आमच्या शिक्रापूरच्या कारखान्यातले निम्मे किस्से एकाच इंग्रजी शब्दाचे आहेत : सेग्रिगेट!

शब्द आणला साहेबांनी, म्हणजे आमच्या क्वालिटी मॅनेजरनी. ‘लॉट सेग्रिगेट करा’ म्हणजे चांगले पार्ट हिरव्या क्रेटमध्ये, रिजेक्ट लाल क्रेटमध्ये. एवढंच! पण महिन्याभरात शब्द जेवणाच्या डब्यापर्यंत पोचला. आमच्यातले वयस्कर आप्पा आमटीतल्या मिरच्या बाजूला काढत म्हणायचे, ‘‘थांबा, सेग्रिगेट चाललंय.’’

*

आप्पांनी तरुणपणी मेंढरं राखलेली. त्यांनी एकदा साहेबांना विचारलं, निवडणं आणि सेग्रिगेट करणं यात फरक काय? साहेब म्हणाले, निवडताना चांगलं उचललं की झालं. इथं खराबही जपून ठेवायचं, ते कुठून आलं हे कळायला हवं.

आप्पांनी मान हलवली. ‘‘म्हंजी खराब कुणी केलं त्ये हुडकायचं.’’

साहेब हसले. आम्हीपण हसलो.

*

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून आमचा माल परत आला. पार्टना तडे! तो लॉट शोभाताईंच्या तपासणीच्या टेबलावरून गेला होता. शोभाताई कवठे येमाईहून यायच्या, दोन पोरींचं शिक्षण या नोकरीवर चाललेलं. हेड ऑफिसचा निरोप आला, जबाबदार माणूस शोधा आणि घरी पाठवा.

आता खरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. निम्मा लॉट तपासायचा राहिलेला असताना साहेबांनीच घाई करून ट्रक भरायला लावला होता. पण साहेबांना बोलणार कोण? मला तर त्यांच्याकडे बघवत नव्हतं, इतका संताप आलेला.

*

परत आलेला माल आम्ही सगळे मिळून सेग्रिगेट करत बसलो. साहेबही बाह्या दुमडून बसले. लाल क्रेटमध्ये पार्ट पडला की शोभाताई दचकायच्या. आप्पांनी तर जेवताना मिरच्यांसकट आमटी खाल्ली.

*

काम संपलं तसं साहेबांनी सगळ्यांना शॉपमध्ये, म्हणजे मशिनच्या शेडमध्ये, बोलावलं. तिथं जमिनीवर रंगानं दोन चौकोन आखलेले, चांगल्या मालाला हिरवा, रिजेक्टला लाल. क्रेट उचलून नेल्यानं दोन्ही रिकामे होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही सगळे दाटीवाटीनं हिरव्यात घुसलो! शोभाताई तेवढ्या बाहेर राहिल्या. आप्पांनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं.

साहेब आले. उभं राहायला जागाच नव्हती, म्हणून लाल चौकोनात उभे राहिले.

‘‘गाडी भरायला मीच सांगितलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘तसं हेड ऑफिसला कळवलंय. उद्यापासून मी येणार नाही.’’

शोभाताई मागे वळल्या आणि आमच्यावरच खेकसल्या, ‘‘आरं, सरका की वाईच. सायबास्नी आत घ्या.’’