पाच घरांचा उच्चांक

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आमच्या घरी आला तो ऐन दुष्काळाच्या उन्हाळ्यात. मुकुंदवाडीच्या पलीकडं नवे प्लॉट पडत होते, घरं भराभर उठत होती, नळ मात्र अजून नकाशावरच होते. पाणी टँकरचं. बायका सकाळीच गल्लीच्या तोंडाला आपापले हंडे ओळीनं मांडून यायच्या आणि हॉर्न वाजला की धावायच्या. तो कधी वाजेल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं.

घरात पाणी आणण्याजोग्या दोघीच. मी, आणि माझी कॉलेजात जाणारी नणंद. पैज तिनंच काढली. हॉर्न वाजेल तेव्हा टीव्हीवर जिचा उच्चांक असेल तिनं घरात बसायचं, दुसरीनं उन्हात जायचं. मी लगेच हो म्हणाले. तेव्हा मला स्वतःबद्दल लई भरवसा होता. कशाच्या जोरावर, हे आजतागायत कळलेलं नाही.

नणंदेला खेळ आधीपासून येत होता. उस्मानपुऱ्यात तिच्या टायपिंग क्लासच्या शेजारी व्हिडिओ गेमचं दुकान होतं. साडीला फॉल लावायचं निमित्त करून एकदा ती मलाही तिथं घेऊन गेली. कपाटाएवढी मशीन. पडद्यात वर पंखवाल्या माशांची रांगच्या रांग बसलेली, खाली आपलं एकटं विमान. माझं माहेर खुलताबादकडच्या डोंगरावर, घर मेंढरं राखणाऱ्यांचं. शेवटची मेंढी जाळीच्या आत आल्याशिवाय आमच्यात कुणी भाकरीला हात लावत नाही. त्याच शिस्तीनं मी एका कडेपासून एकेक माशी टिपत निघाले.

नणंदेनं कपाळाला हात लावला. "वहिनी, बसलेलीला काय भाव? तिचे पन्नास. ती खाली झेप घेते ना, तेव्हा मारायची. शंभर."

"पण झेप घेतल्यावर ती आपल्याच अंगावर येते."

"म्हणून तर शंभर."

एवढं ऐकून मी शहाणी होऊन घरी आले. घरच्या कॅसेटमध्ये तोच खेळ होता, पण मशीनची सर नाही. माशा पुसट, आवाज पिपाणीचा. मशीनवर उच्चांक खेळता खेळताच चढायचा. इथं खेळ संपला की मगच वरच्या कोपऱ्यातला आकडा बदलायचा. आणखी एक फरक होता. तो नणंदेला माहीत होता. मला नव्हता.

त्या दिवशी कोपऱ्यात तिचे ऐंशी हजार होते. स्वयंपाक उरकून मी बसले ती उठलेच नाही. झेप घेणाऱ्या माशा अशा टिपल्या की सासूबाईसुद्धा गहू निवडायचं थांबवून बघत बसल्या. नव्वद हजार झाले. नव्व्याण्णव झाले. हातात एकच विमान उरलेलं, वर तीन माशा. ते विमान नुसतं उभं ठेवून माशीला पाडू दिलं असतं, तरी खेळ संपून पैज माझी होती.

पण तीन माशा तशाच सोडायच्या? कळपातल्या तीन मेंढ्या रानात ठेवून कुणी घरी येतं का?

नणंद शेजारी उकिडवी बसली होती. अगदी गोड आवाजात म्हणाली, "मारा ना वहिनी, तीनच तर राहिल्यात."

मी पहिली मारली आणि आकडा गेला. नव्व्याण्णव हजारांच्या जागी तीन शून्यं आणि पन्नास. मी नुसती बघत राहिले. तेवढ्यात दुसरी माशी विमानावर येऊन आदळली. खेळ खल्लास.

"कॅसेटमध्ये आकड्याला पाचच घरं असतात," नणंद म्हणाली. "दुकानातल्या मशीनला सहा."

"म्हणजे माझा लाख झाला."

"टीव्हीवर कुठंय लाख?"

मी सासूबाईंकडं न्याय मागितला. त्यांनी चष्मा पुसला. "टीव्हीवर काय लिहिलंय?"

"पन्नास," नणंद म्हणाली.

"मग तंडता कशाला?"

त्याच वेळी बाहेर हॉर्न वाजला. मी पोचले तोवर माझा हंडा कुणीतरी ओळीच्या बाहेर सरकवला होता. शेजारीण म्हणाली, "काय वो, आज उशीर?"

"लाखाच्या वर गेले होते."

"कशात?"

"जाऊ द्या."

पाइप माझ्यापर्यंत आला तेव्हा धार करंगळीएवढी झालेली. अर्धा हंडा डोक्यावर घेऊन, कॅसेट बनवणाऱ्याला शिव्या घालत मी घरी आले. सहावं घर बांधायला त्याचं काय जात होतं? सगळं शहर घरांवर घरं बांधत सुटलं होतं.

नणंद गच्चीवर कपडे काढायला गेली होती. सासूबाई टीव्हीपाशी उभ्या, हात गेमच्या डब्यावर. "लई तापलं होतं गं. बंद करून परत लावलं."

कोपऱ्यात पाच शून्यं. बंद झाल्यावर त्या डब्याला काहीच आठवत नसे. तिचे ऐंशी हजारही गेले, माझे पन्नासही.

गल्लीत पुन्हा हॉर्न वाजला. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच दुसरा टँकर आला होता. नणंद कपड्यांचा ढीग घेऊन खाली आली. "जा वहिनी, तुम्हीच ना आज?"

"टीव्हीवर काय लिहिलंय ते वाच," मी म्हणाले.

तिनं वाचलं. मग एकदा माझ्याकडं, एकदा आईकडं बघितलं. सासूबाई गहू निवडत होत्या. तिनं कपडे खाटेवर टाकले आणि कोपऱ्यातली कळशी उचलली. अर्धा हंडा रांजणात रिकामा करून मीही तिच्या मागं निघाले.

ओळीत उभी राहिल्यावर ती म्हणाली, "पण वहिनी, तुमचा लाख नव्हताच."