दीपमालेच्या दोन पेट्या

कुंडलमध्ये दीपमालेला तोंडावर कुणी काही म्हणत नसे. पाठीमागं मात्र सगळे तिला 'पालीवाली' म्हणत. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली आणि सांगलीत मासे-पक्ष्यांच्या दुकानात कामाला लागली. पुढं ते दुकान बंद पडलं. बाकी सगळं खपलं, दोन गेको, म्हणजे परदेशी पाली, तेवढे कुणी घेईना. तिनं ते घरी आणले, आपापल्या काचेच्या पेटीसकट.

एक लेपर्ड गेको, पिवळ्या अंगावर काळे ठिपके. त्याला कोरडी जागा, पोटाखाली ऊब आणि खायला किडे लागत. दुसरी क्रेस्टेड, डोळ्यांवर झालर असलेली. तिला गारवा हवा, ओल हवी, चढायला फांद्या हव्यात.

थोरला भाऊ विश्वजीत फौजेतून रिटायर होऊन आला आणि घरात जागा कमी पडायला लागली.

"दोन्ही पालीच की गं. घाल एका पेटीत," तो म्हणाला. "बराकीत आमी पंजाबी, मद्रासी, गढवाली एकत्र राहत न्हवतो व्हय?"

"तुमी माणसं हुता, दादा. ह्यांतल्या एकाला ऊब लागती, एकीला ओल. एकत्र ठेवली तर जीव जाईल एखाद्याचा."

पलूसच्या शिलाई दुकानातल्या नव्या कामावरून ती एका संध्याकाळी परतली, तर एक पेटी धुऊन अंगणात पालथी घातलेली. ती आत धावली. लेपर्डच्या पेटीत क्रेस्टेड कोपऱ्यात चिकटून बसली होती. पायाला चावा, आणि शेपूट तुटून बाजूला पडलेलं. दीपमालेनं तिला अलगद उचललं, डब्यात ओला कागद अंथरून ठेवलं.

"उद्या सोफा येतोय, म्हणून हलवली," विश्वजीत म्हणाला. "आन् पालीच्या शेपटाचं एवढं काय? परत येतंय."

"हिला न्हाई येत."

"मग काय करू? घर माझं हाय. पटत नसंल तर..."

"थांबलास का? बोल की पुढं!" दीपमालेचा आवाज चढला. "सासरीबी सगळी हेच म्हणायची, जमवून घे. लय वर्षं जमवलं. आता न्हाई. घर आबांचं हाय, आन् मी आबांचीच लेक हाय."

तिनं अंगणातली पेटी उचलली आणि थेट सोप्यात, पाहुण्यांच्या बैठकीत आणली. तिथल्या टेबलावर विश्वजीतला फौजेत बक्षीस मिळालेल्या ढाली मांडल्या होत्या. एकेक करून तिनं त्या खाली ठेवल्या. पेटी जड होती, टेबलावर चढेना. विश्वजीत हाताची घडी घालून बघत राहिला. तेवढ्यात त्याची बायको राजेश्वरी स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसले आणि पेटीचं दुसरं टोक धरलं.

"सोफा पडवीत बसंल," ती नवऱ्याकडं न बघताच म्हणाली.

पायाची जखम भरली. शेपूट काही आलं नाही. विश्वजीतनं बहिणीशी बोलणं टाकलं, तीही मनधरणी करायला गेली नाही.

दसऱ्याला चुलती रंगुबाई सोनं द्यायला आल्या. समोरच पेटी बघून दचकल्या. "अगं बाई! सणासुदीला पाल समोर? पावणं काय म्हणतील? झाक तरी कायतरी टाकून!"

"म्हणू द्या. आवं काकी, झाकलं की वारा कोंडतो तिचा."

रंगुबाईंनी पुतण्याकडं पाहिलं. विश्वजीत पडवीतल्या सोफ्यावरून कुरकुरला, "न्हाई ऐकायची ती, काकी. मी सांगून बसलोय."

दीपमालेनं काकींना चहा दिला आणि त्यांच्यादेखतच पेटीचं झाकण उघडून फांद्यांवर पाणी शिंपडलं.